तूट कुणाच्या पानात?

एकदा एका नदीकाठच्या मठात एक शिष्य तुटीची भाषा शिकत बसला होता. झालं होतं असं, की मठाच्या अन्नछत्रात तांदूळ पुरेनासा झाला होता आणि बंदरावरचा एक मोठा व्यापारी तिथली स्थिती पाहायला येणार होता. त्याने हात दिला तर ठीक, नाही तर महिन्याभरात चूल थंड होणार, हे मठातल्या मांजरालासुद्धा ठाऊक असावं. व्यापाऱ्याच्या पेढीचा सारा व्यवहार इंग्रजीतून चाले. म्हणून शिष्याने ठरवलं, आपणही त्याच्यापुढे इंग्रजीतच गाऱ्हाणं मांडायचं.

पहाटेपासून तो घाटाच्या पायरीवर बसून पुटपुटत होता. तूट म्हणजे डेफिसिट, एवढं त्याला येत होतं. पण नुसता एकटा शब्द येऊन काय उपयोग? त्याच्या जोडीला कोणता शब्द शोभतो, तेही कळायला हवं. ‘रन अ डेफिसिट’ म्हणजे तूट असतानाच गाडा हाकत राहणं. ‘फेस’ म्हटलं की तिला तोंड देणं. ‘कट’ केली की ती घटते, ‘मेक अप’ केली की भरून निघते. नदीवर दाट धुकं होतं. एकेक जोडी त्या धुक्यात सोडावी आणि ती पलीकडच्या काठाला टेकून सावकाश परत यावी, असं त्याला वाटत होतं. त्या नादात आपण कशासाठी शिकतो आहोत, हेही तो विसरून गेला.

वृद्ध गुरू स्नानाला आले. त्यांनी सगळ्या जोड्या पुन्हा एकदा म्हणून घेतल्या, डोळे मिटून ऐकल्या आणि पाण्यात उतरले.

दुपारी व्यापारी आला. पंगत बसली. मठाची रीत अशी, की वाढप मानाच्या बाजूने सुरू व्हायचं. तिथे पाहुणे, मग शास्त्री, मग विद्यार्थी, आणि पार टोकाला लाकूडफाटा आणणारी, गोठा झाडणारी माणसं. शिष्यच रोज भात वाढत असे. पण वाढताना त्याची नजर पातेल्यात असायची, पानांवर नसायची.

त्या दिवशी गुरूंनी त्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि ते थेट टोकाकडे चालू लागले. शिष्याने मनात हिशेब केला. आता भात कमी पडणार तो नेमका पाहुण्यांपुढे. तो मागे धावला, हलक्या आवाजात विनवू लागला. गुरूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पहिली मूद लाकडं आणणाऱ्या धुरपदाआजीच्या पानात पडली. तिने पानाकडे पाहिलं, मग गुरूंकडे.

“वाट चुकला का काय, महाराज?” ती म्हणाली. “इकडं आली तर तळाची खरवड येती. ह्या भातातनं तर वाफ निघतीया.”

आसपासची माणसं हसली. शिष्याला मात्र हसू आलं नाही.

भात विद्यार्थ्यांपर्यंत पोचला, शास्त्र्यांपर्यंत जेमतेम आला आणि संपला. व्यापाऱ्याचं केळीचं पान रिकामं, हिरवंगार राहिलं, त्याच्या शेजारचं गुरूंचंही. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. जेवायला बोलावून ही कुठली रीत, असं त्याने जरा कडूपणेच विचारलं.

गुरू त्याच्याशेजारी आपल्या रिकाम्या पानावर बसले आणि शिष्याकडे वळून म्हणाले, “बाळ, सकाळी तू तुटीच्या किती तरी जोड्या म्हटल्यास. तूट चालवतात, घटवतात, भरून काढतात. सगळ्या अगदी बरोबर. पण ती कुणाच्या पानात पडते, ते त्यांतल्या एकीतही आलं नाही. आपल्या बोलीतही आपण नुसतं ‘तूट आली’ म्हणतो, जणू ती आली आणि ओसरीवर बसून राहिली. तूट कधी अशी बसत नाही. ती गुपचूप पंगतीच्या टोकाला जाते. आज मी तिला इथे, दिसेल अशा जागी आणून बसवली, इतकंच. आता बोल.”

शिष्य पुढे झाला. पाठ केलेलं सगळं जिभेवर तयार होतं. त्याने व्यापाऱ्याच्या पानाकडे पाहिलं, मग टोकाला सावकाश, जपून जेवणाऱ्या धुरपदाआजीकडे पाहिलं, आणि साध्या मराठीत म्हणाला, “शेठजी, आज तुमचं पान जसं आहे, तसं त्या आजींचं रोज असतं. मीच वाढतो. मला दिसलं नव्हतं.”

व्यापारी टोकाच्या पानांकडे पाहत राहिला. आवारातल्या चिंचेची सावली हळूहळू पंगतीवरून सरकत गेली. मग तो उठला, टोकाला जाऊन आजीशेजारी मांडी घालून बसला आणि कुणी कुणी उपाशी उठतं, ते तिच्याकडून ऐकू लागला. ती सांगत होती, तो मान हलवत होता. तांदळाच्या गाड्या कधी धाडू, हे त्याने गुरूंना विचारलं नाही, तिलाच विचारलं.

घराघरांत सगळ्यांच्या मागून जेवायला बसणारं एक माणूस असतंच. घरात काय उणं आहे, ते आधी त्याला विचारावं.