पिवळ्या फडक्याची उडी

गाड्या आणि अवजारं एकमेकांशी गप्पा मारत, त्या काळातली ही गोष्ट. हणमंत मिस्त्रींच्या गॅरेजात एक काळीभोर, आलिशान गाडी आली होती. तिच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे होते. पॉलिशच्या यंत्राने दिवसभर गरगर फिरून ते सगळे घालवले. आता शेवटचा हात तेवढा फिरवायचा होता, आणि तो मान होता नव्याकोऱ्या पिवळ्या फडक्याचा!

फडकं आनंदाने नुसतं थुईथुई नाचत होतं. तेवढ्यात शटरच्या फटीतून वारा घुसला आणि वाळूचा एक कण उडून त्याच्या धाग्यांत रुतला. मिस्त्रींची पाठ फडक्याकडे होती, त्यांना काही कळलं नाही.

"गप्प राहा," शेजारचा ब्रश कुजबुजला. "एवढासा कण कुणाला दिसतोय? असा मान पुन्हा मिळायचा नाही!"

फडक्याला ते पटेना. "अरे दादा, काळ्या रंगावर एवढ्याशा कणाचीसुद्धा रेघ उठते!"

इतक्यात मिस्त्रींनी त्याला उचललंच. गाडी वीतभर अंतरावर आली. फडक्याने सगळं बळ एकवटलं, बोटांतून अंग सोडवलं आणि खालच्या पाण्याच्या बादलीत उडी घेतली. छपाक!

"अरेच्चा, भिजलं की हे!" म्हणत मिस्त्रींनी दुसरं कोरडं फडकं घेतलं आणि अलगद गाडी पुसली. शटर वर गेलं, ऊन आत आलं आणि गाडीच्या अंगावर अख्खं आभाळ उतरलं. एकही रेघ नव्हती!

"अहाहा, काय देखणी दिसतेय!" बादलीतलं फडकंच सगळ्यांत मोठ्याने ओरडलं.