बारावी शाल

मिरजेच्या कुमुदताई हेरवाडकरांच्या कपाटात सत्काराच्या अकरा शाली होत्या. संगणकावर मराठी जोडाक्षरं नीट छापणारा एक प्रोग्राम त्यांनी चार मित्रांसोबत लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. आपापल्या नोकऱ्या करून पाचही जण तो फुकट सांभाळत आणि बड्या बड्या कंपन्यांची बिलं त्यावर छापली जात.

पुण्यातल्या अशाच एका कंपनीचे मालक पाटणकरसाहेब यांनी ताईंना बारावी शाल द्यायला बोलावलं. कंपनीत नवी यंत्रणा येणार होती. प्रोग्राम सुधारला नाही, तर बिलांवर अक्षरांऐवजी नुसते चौकोन उमटणार होते. ताईंनी देखभालीसाठी दरवर्षीची तरतूद मागितली होती. साहेब माइकवरून म्हणाले, "ताईंचं काम प्रेमाचं! पैसे देऊन आम्ही त्या प्रेमाचा अपमान करणार नाही. ही मानावर चालणारी माणसं!"

टाळ्या पडल्या. ताईंनी शांतपणे माइक घेतला. "साहेब, तुमचा सर्व्हर कुठे असतो हो?"

"तळमजल्यावर. का?"

ताईंनी खांद्यावरची शाल काढून साहेबांच्या हातात दिली, वर नारळ ठेवला. "ही त्याला पांघरा, नारळ पुढ्यात ठेवा आणि त्याची वीज बंद करा. आठवडाभर तो मानावर चालला, तर आम्ही पाचही जण जन्मभर फुकट राबू."

सभागृहात हशा उसळला. साहेबांनाही हसावंच लागलं. त्या वर्षापासून कंपनीच्या अंदाजपत्रकात सर्व्हरच्या वीजबिलाखाली प्रोग्रामच्या देखभालीची कायमची ओळ आली. नारळ मात्र ताईंनी निघताना आठवणीनं परत मागून घेतला. वड्यांना पाच वाटेकरी होते.