पलंगाच्या मापाची गोधडी

फार पूर्वी शिवणाच्या कोनाड्यात एक नियम होता: गजाने मापलं, कात्रीने कापलं, की सुईने मुकाट्याने शिवायचं. 'का' म्हणून विचारायचं नाही.

एका हिवाळ्यात घरात नवा रुंद पलंग आला. शिवून पुरी झालेली गोधडी त्याला दोन्ही बाजूंनी वीतभर कमी पडू लागली. गजआजोबांनी माप घेतलं, कात्रीआजीने पाळण्यातलं दुपटं उभं चिरलं आणि सुईने त्याचा अर्धा तुकडा गोधडीच्या डाव्या काठाला जोडून टाकला.

"सुईताई," उरलेलं दुपटं हळूच म्हणालं, "आता बाळाला काय पांघरतील गं?"

सुई थबकली. "आजोबा, निजणारी माणसं तेवढीच आहेत. मग गोधडी कुणासाठी वाढवायची?"

"पलंगासाठी."

"पलंगाला थंडी वाजते?"

"कालची पोर तू!" कात्री कडाडली. "आम्हाला शिकवतेस? उजवी बाजू शीव आधी!"

सुई उजवीकडे गेलीच नाही. तिने डाव्या काठाचे टाके एकेक करून उसवले आणि दुपट्याचे दोन्ही तुकडे पुन्हा जोडले. पण दुपट्याच्या मधोमध जाड, टोचरी शिवण आली, आणि गोधडीच्या काठाला तिनेच पाडलेली भोकं तशीच राहिली.

"पहिल्या टाक्याआधीच विचारायला हवं होतं मी," ती म्हणाली. "आता कितीही मापा, कितीही कापा. मी शिवणार नाही."

गज भिंतीला टेकून राहिला. कात्रीची पाती उघडी ती उघडीच राहिली.