करलं कुणी शिकवलं?

“मग अंगारा देताय का नाही, बुवा?”

गोष्ट इथून सुरू होते. मागचं खोदून विचारू नका. आधीच भरीस घालून सांगायला लावलंय, त्यात आणखी फाटे नकोत.

विचारणारा विसाजी पंतोजी. गावच्या शाळेचा मास्तर, बुवांचा शिष्य. ताठा असा, की देवापुढं कमरेत वाकायचा पण मान ताठच. मठाच्या खांबाआड त्याची तीन वर्षांची पोर उभी होती. यमी. महिना झाला, तोंडातून शब्द नाही.

बुवा ओट्यावर सुपारी कातरत बसलेले. वर बघितलंसुद्धा नाही.

“आधी बोलत होती?”

“पोपटासारखी. पण चुकीचं. ‘मी करलं’ म्हणायची. मी टोकायचो, करलं नव्हे, केलं! उठताबसता टोकलं.”

“मग?”

“मग… गप झाली.”

अडकित्ता वाजला. कट्.

“बुवा, पोर म्हणजे कोरी पाटी. आपण गिरवू तेच उमटायचं. आता हिच्यावर जरा अंगारा…”

“करलं कुणी गिरवलं?”

“अं?”

“तू म्हणतोस करलं?”

“शिव शिव!”

“तिची आई?”

“छे!”

“शेजारीपाजारी? गुराखी?”

“अख्ख्या गावात मोठं माणूस असं कुणी बोलत नाही.”

“मग पाटीवर आलं कुठनं?”

उत्तर आलं नाही म्हणून पंतोजीनं आजवर किती पोरांना अंगठे धरायला लावले असतील. आता तो स्वतःच्याच अंगठ्यांकडं बघत राहिला.

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

“बरं. मी काम सांगतो, तू ते झालं म्हणून सांग. झटपट. धर?”

“धरलं.”

“चर?”

“चरलं.”

“भर?”

“भरलं.”

“कर?”

“करलं.”

…

निसटलं तोंडातून. पंतोजीनं जीभ चावली. कानाच्या पाळ्या लालबुंद.

“तुला कुणी शिकवलं रे?” बुवा म्हणाले.

खांबाआड खुदकन आवाज झाला. यमी बाहेर आली, बापाच्या धोतराला लोंबकळली आणि उड्याच मारायला लागली.

“बाबानं करलं! बाबानं पण करलं!”

महिन्याभरानं ऐकला तो आवाज. पंतोजीचे डोळे भरून आले, हात पोरीच्या डोक्याकडं गेला… पण खोड ती खोड. तोंड उघडलंच.

“करलं न—”

बुवांनी आपला तळवा त्याच्या तोंडावर दाबला.

“एकीची वाचा फुटली, विसाजी. आता एकाची बसू दे.”