मागची सीट

छोट्या महागड्या एसयूव्ही बघून बघून नाशिकच्या डॉक्टर कालिंदी वर्तक वैतागल्या होत्या. हा तिसरा रविवार आणि ही तिसरी शोरूम. इथले मॅनेजर खासनीस तर सगळं त्यांच्या नवऱ्यालाच समजावत होते, आणि नवऱ्याला गाडी चालवताच येत नव्हती.

"सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. मागे पायांना जागा किती आहे?" कालिंदीताईंनी पुन्हा विचारलं.

"मॅडम, तुम्ही रंग बघा ना! बाकीचं मी सरांना सांगतो. मागे सहा फुटी माणूससुद्धा ऐसपैस बसतो."

खासनीस स्वतःच सहा फुटी होते. कालिंदीताईंनी किल्ली मागून घेतली.

"मग चला, तुम्हीच बसा मागे."

कालिंदीताई चालवायला बसल्या, खासनीसांच्या पुढ्यात नवऱ्याने आपली सीट आरामात मागे सरकवली आणि गाडी निघाली. त्र्यंबक रोडला लागेपर्यंत खासनीसांचे गुडघे हनुवटीला टेकले होते.

"मॅडम, जरा थांबवता का?"

"मला कशाला विचारता? सरांना सांगा."

खासनीसांनी केविलवाणेपणाने सरांकडे पाहिलं.

सर म्हणाले, "मला तर ब्रेक कुठला तेही माहीत नाही हो."

शेवटी कालिंदीताईंनीच गाडी कडेला घेतली. खासनीस गुडघे चोळत उतरले आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलले,

"मॅडम, आजींसाठी दुसरी बघा."