उष्टी भाकरी

"...पण बाबा, हिरड्यांतले जंतू रक्तात उतरतात. तिथून मेंदूपर्यंतही पोचत असावेत. मग तुमचं उष्टं आईने का खावं?"

मठात भैरवनाथबाबांना हे विचारणारी वरदा होती. ग्लासगोहून दातांचं शास्त्र शिकून नुकतीच गावी परतलेली.

वडील गेल्यापासून तिची आई घरात अन्नाला शिवत नव्हती. कुणाशी बोलत नव्हती. दुपारी तेवढी मठात येऊन बसायची. म्हातारे बाबा अर्धी भाकरी खात आणि उरलेली प्रसाद म्हणून तिला देत. तीच काय ती तिच्या पोटात जाई.

ज्यांच्या हिरड्या खराब, त्यांच्यात उदासी आणि विस्मरण अधिक दिसतं, हे वरदाने बाबांना तळमळीने समजावलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"हिरड्या बिघडल्या म्हणून माणूस उदास होतो, की उदास माणूस दातच घासत नाही?"

"ते... अजून नक्की कळलेलं नाही. दोन्ही असेल."

"हं."

बाबांनी ताट बाजूला सारलं आणि तोंड उघडलं.

"बघ."

वरदा गुडघ्यांवर बसली. मोबाइलच्या उजेडात तिने नीट पाहिलं. हिरड्या लालभडक, सुजलेल्या. दोन दात हलत होते.

ओसरीवरून गणपतनाथ उठून आला. बाबांचा जुना शिष्य तो. गुरूच्या मुखात असं कुणी डोकावतं का, म्हणाला. याच मुखातून आम्हाला मंत्र मिळाला.

"मंत्र तुला दिला, गणपत. किडके दात माझ्याकडेच राहिले."

गणपतनाथ ओसरीवर परत गेला.

"उपचार करावे लागतील, बाबा," वरदा म्हणाली. "तोवर उष्टं देऊ नका."

"नाही देत."

वाद घालायची तयारी करून आलेल्या वरदाने मोबाइलचा उजेड बंद केला.

आई ताटाकडे बघत बसली होती.

वरदाने दुरडीतून ताजी भाकरी घेतली. घास मोडून आईच्या ओठांशी नेला.

आईने तोंड फिरवलं.

"खा ना गं, आई..."

वरदाचा हात तसाच राहिला. तिने बाबांकडे पाहिलं.

"तशी नाही खायची ती," बाबा म्हणाले. "अर्धी तू खा. तुझं तोंड साफ आहे ना?"