दगडी हातांचा शालू

एका राज्यात गुन्हेगाराचा दगड करायची रीत होती. मांत्रिकानं छडी लावली की आधी हात दगड होत. मग ज्याचं नुकसान झालं त्यानं हार घालून म्हणायचं, "भरून पावलो." लगेच सगळा माणूस दगड होऊन वेशीवर उभा राही. म्हणत सगळे, पण गुन्हेगाराला छडी लागल्यापासून या म्हणणाऱ्यांच्याच तोंडाची चव गेलेली असे. पुरणपोळीही माती लागे. राजाला सांगणार कोण?

भिवरा कोष्टीण लेकीच्या लग्नाचा शालू विणत होती. सटवाजी रंगाऱ्याचं सूत तिनं रंग पक्का आहे का बघायला भर बाजारात पाण्यात बुडवलं. रंग उतरला, लोक हसले. त्या रागात सटवाजीनं तिचा माग शालूसकट पेटवून दिला.

दरबारात छडी लागली. सटवाजीचे हात खांद्यापर्यंत दगड झाले, भिवराच्या तोंडात माती आली. हार घेऊन ती तशीच उभी.

"म्हण बाई, भरून पावले," राजा म्हणाला.

"कशी म्हणू, महाराज? शालू गेला नि पदरात धोंडा आला. लेकीला धोंडा नेसवू का?"

सिंहासनावरची साळुंकी खुदकन हसली. तिला खोटं बोलता येत नसे.

"राजा, बाई चोख बोलली. याला तीन कामं दे. पहिलं, केलं ते कबूल करू दे."

सटवाजी राजापुढे आडवा पडून रडला. हात दगडच.

"तिकडे काय बघतोस?" भिवरा कडाडली. "माग महाराजांचा होता का?"

तो वळला. "भिवराक्का, पोरीचा शालू आहे हे ठाऊक होतं मला. तरी पेटवला."

दगड कोपरापर्यंत उतरला.

दुसरं काम, मागासाठी बोलक्या सागाचं लाकूड.

"कोणाचा माग?" सागानं विचारलं.

"मी जाळलेला."

"मग ने."

लाकूड भिवराच्या दारी आलं, दगड मनगटापर्यंत उतरला.

तिसरं काम, शालू पुरा होईतो तिच्या हाताखाली राबणं. दगडी बोटांत धागे तुटत. "सूत आहे ते, कोंबडीची मान नव्हे!" भिवरा ओरडे. त्यानं रंगवलेलं सूत तिनं पुन्हा पाण्यात बुडवलं. पाणी नितळ राहिलं. शेवटचा धागा बसला आणि सटवाजीची बोटं मऊ झाली.

त्याच्या बायकोनं भाकरी पाठवली होती. भिवरानं घास घेतला नि थबकली.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

हार तिनं मागाला घातला. "भरून पावले."

राजानं छडी चुलीत घातली. वेशीवरच्या दगडांचे हार काढायला लोक निघाले. प्रत्येकाला आपापल्या दगडाकडून, तो पुन्हा माणूस झाला की, काहीतरी भरून हवं होतं. त्या राज्यातल्या घासाला जशी चव परत आली, तशी तुमच्याआमच्या ताटालाही येवो.